सुधारानीची चौदा गावं आणि एक बातमी

बिदरच्या बसस्टँडामागं शिंप्याच्या दुकानावर एक माळा होता आणि त्या माळ्यावर किरणकुमारचा कॉम्प्युटर क्लास होता. आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. दोन हजार सहा साली किरणकुमारच्या ध्यानात आलं की टायपिंग शिकायला आता कुणी येत नाही. जो येतो तो ‘नेटवर्किंग आहे का’ म्हणून विचारतो आणि नाही म्हटलं की सरळ हैदराबादची गाडी धरतो. तेव्हा त्यानं नेटवर्किंग सुरू करायचं ठरवलं. त्याला स्वतःला ते येत नव्हतं, पण ही काही त्याच्या मते अडचण नव्हती. त्यानं सुधारानीला बोलावलं.

सुधारानी कमठाण्याच्या रेवणप्पा खतवाल्याची मुलगी. बीसीए झालेली, बावीस वर्षांची, आणि घरात बसून चांगल्या स्थळाची वाट बघायच्या कामावर लावलेली. किरणकुमारनं तिच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि कुणाकडून तरी आणलेली एक सीडी ठेवली. “दोन महिने घे,” तो म्हणाला, “शीक आणि मग शिकव.” सीडीत एक प्रोग्राम होता. त्यात पडद्यावर हवे तितके राउटर मांडायचे, त्यांना खोट्या तारा जोडायच्या, खोटे हुकूम द्यायचे आणि खोटा निरोप इकडून तिकडं पोचतो का ते बघायचं. राउटर म्हणजे फाट्यावर उभं राहून आलेल्या प्रत्येक निरोपाला कुठल्या वाटेनं जायचं ते सांगणारं यंत्र. एवढं ठाऊक असलं तर पुढं काही अडत नाही.

खरा राउटर सुधारानीनं पाहिला नव्हता. किरणकुमारनंही नाही. गावातल्या बँकेत एक आहे असं ऐकण्यात होतं, पण तो कुलपात असायचा. बोर्ड रंगवायची वेळ आली तेव्हा पेंटरनं विचारलं, राउटर दिसतो कसा? किरणकुमारनं त्याला माळ्यावर पाठवलं. सुधारानीनं पडद्यावरचं चित्र दाखवलं: एक गोल चपटी डबी, तिच्यावर चार बाण, दोन आत जाणारे आणि दोन बाहेर येणारे. पेंटरनं ती डबी बोर्डावर हुबेहूब उतरवली, फक्त शेंदरी रंगात. त्यानंतर महिन्यातून एखादा तरी माणूस जिना चढून वर यायचा आणि मिक्सर दुरुस्त करता का म्हणून विचारायचा.

पण दोन महिन्यांत ती शिकली. सकाळच्या पहिल्या बसनं ती कमठाण्याहून निघायची आणि बॅच सुरू व्हायच्या आधी दीड तास एकटी बसून सराव करायची, कारण नऊ वाजता वीज जायची ती बारापर्यंत यायची नाही. सुरुवातीला तिचा हात चालेना. प्रोग्राममधले राउटर नंबरानं यायचे, एक, दोन, तीन, चार, आणि कुठला कुणाला जोडलाय तेच तिच्या डोक्यात राहायचं नाही. मग एका सकाळी तिनं नंबर खोडले आणि गावांची नावं घातली. कमठाणा. राजेश्वर. खजुरी. भालकी, हुमनाबाद, औराद. बघता बघता चौदा गावं झाली, सगळी सोयऱ्याधायऱ्यांची. कुठून कुठं जायला कुठं गाडी बदलायची हे तिला लहानपणापासून पाठ होतं. खजुरीला तर सख्खी आत्या दिलेली. त्या दिवसापासून तिच्या वाटा चुकेनाशा झाल्या.

पोरांना ती शिकवायचीही तशीच. “वाट शोधायच्या दोन तऱ्हा हायत,” ती सांगायची. “एक म्हणजे प्रत्येकानं सगळ्या मुलखाचा नकाशा जवळ ठेवायचा. ते अवघड. दुसरी सोपी. शेजाऱ्याला विचारायचं. दर तीस सेकंदांनी हरेक राउटर आपल्याला जे जे म्हाईत हाय ते शेजाऱ्याला सांगतो. शेजारी खरंखोटं करायला बसत न्हाई. त्यात आपलं एक पाऊल मिळवतो आणि पुढच्याला सांगतो.”

पोरं हसायची. “मॅडम, ही तर आमची गल्लीच की!”

“गल्लीच,” सुधारानी म्हणायची. “फक्त गल्लीला तीस सेकंद लागत न्हाईत.”

अशी पोरं शिकली आणि गेली. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, एक तर थेट बेंगळुरूला. तिकडून त्यांचे फोन यायचे: मॅडम, आज खरा राउटर उघडला, मॅडम, आत पंखा असतो. सुधारानी ‘छान छान’ म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तिचं तोंड एवढंसं व्हायचं. तिला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटायची. आपण ज्याचं सगळं पाठ केलंय ती वस्तू एकदा हातात धरावी, एवढंच तिला हवं होतं. मागणं तसं मोठं नव्हतं, पण ते हैदराबादेत होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तो योग आला. हैदराबादची एक कंपनी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात परीक्षा घ्यायला आली. सुधारानी आईला, म्हणजे चन्नव्वाला, सोबत घेऊन गेली. चन्नव्वा बाहेर झाडाखाली बसली आणि आत पडद्यावर बिघडलेले चार राउटर आले. चाळीस मिनिटांत दुरुस्त करायचे. बाकीची पोरं लगेच तुटून पडली. सुधारानीनं पहिली दोन मिनिटं नावं बदलण्यात घालवली. एक नंबर कमठाणा, दोन नंबर राजेश्वर, असं झाल्यावर तिला गाव कुठं अडलंय ते दिसलं आणि अठराव्या मिनिटाला ती हाताची घडी घालून बसली. परीक्षा घेणाऱ्यानं पडद्याकडं वाकून विचारलं, ही काय नावं? “आमची गावं हायत, सर,” ती म्हणाली. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं.

रेवणप्पानं ते पत्र तीनदा वाचून घेतलं, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकाला दाखवलं. युरियाच्या एका पोत्यामागं एकदा पत्र दाखवायचं, असा बेतच झाला. मात्र लेकीनं जायची गोष्ट काढली तेव्हा त्याचा सूर बदलला.

“जा की. कोण नको म्हणायलंय?” तो म्हणाला. “आधी लग्न ठरू दे, मग जा. बिनठरलेली पोरगी हैदराबादला ऱ्हायली तर लोकांना मी काय सांगू?”

“आणि ठरलेली ऱ्हायली तर?”

“तर ते लोक तुझ्या सासरच्यांना विचारतील.”

सुधारानीला यात काही खोट काढता येईना. तिनं कंपनीला मुदत मागितली. कंपनीनं सोळा जुलै, सोमवार, ही शेवटची तारीख दिली आणि येणार की नाही ते आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करून कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं बजावलं.

स्थळ तर तयारच होतं. राजेश्वरचा महांतेश, हैदराबादेत एका औषधाच्या कंपनीत नोकरीला. जूनमध्ये ती माणसं येऊन बघून गेली, पोहे खाऊन गेली, पसंत म्हणून गेली. मुलाबद्दल सुधारानीचं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं हैदराबादबद्दलच सांगितलं असतं. आता राहिली होती फक्त चौकशी.

आपल्याकडं पसंती म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं चौकशीचं, आणि चौकशीची रीत ठरलेली आहे. मुलीला काही विचारायचं नाही, मुलीच्या बापाला तर नाहीच नाही, कारण त्यांना खरं ठाऊक असण्याचा संभव असतो. विचारायचं ते तिच्या आत्याच्या गावात, बापाच्या गिऱ्हाइकाला, गिऱ्हाइकाच्या बायकोला. ज्याला विचारलं त्याला काही ठाऊक नसलं तरी तसं सांगायची सोय नाही. ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारा माणूस सोयऱ्यांत कमीपणाचा ठरतो.

तर चौकशी सुरू झाली आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक बातमी उठली. सुधारानीचं म्हणे खजुरीला बोलणं झालं होतं. चार दिवसांत ते बोलणं ‘ठरलं होतं, मोडलं’ असं झालं. आणखी चार दिवसांनी सुपारी फुटली होती. जुलै उजाडेपर्यंत साडी नेसवून झाली होती, आणि साडी हिरवी होती हेही राजेश्वरात माहीत झालं. राजेश्वरच्या लोकांनी निरोप पाठवला: जरा थांबू.

रेवणप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो राजेश्वरला गेला. तिथं लोक म्हणाले, आम्ही मनानं नाही बोललो, खजुरीलाच विचारून घेतलंय. त्यानं खजुरीला बहिणीला, रुद्रम्माला फोन केला. ती म्हणाली, असं ऐकण्यात आलंय खरं. मग त्यालाच वाटू लागलं की खजुरीत काहीतरी झालं असलं पाहिजे, बहिणीनं परस्पर कुणाला शब्द दिला असला पाहिजे, नाहीतर दोन गावं एकच गोष्ट कशी सांगतील? तो पुन्हा राजेश्वरला गेला आणि समजूत काढायला म्हणून म्हणाला, खजुरीचं काय झालं असेल ते असेल, ते आता मिटलं. झालं. खुद्द बाप म्हणाला म्हटल्यावर राजेश्वरची खात्रीच पटली. दोन दिवसांनी तीच खात्री गिऱ्हाइकांच्या तोंडून कमठाण्याला परत आली आणि रेवणप्पानं ती डोकं धरून ऐकली.

“अवो, पोरगी रोज सांजच्याला घरात असते,” चन्नव्वा म्हणाली. “साडी नेसवली कुणाला?”

“तुला कळत न्हाई,” रेवणप्पा म्हणाला. रुद्रम्माशी त्यानं बोलणं टाकलं.

सुधारानी क्लासला जात होती, शिकवत होती आणि कॅलेंडरकडं बघत होती. तिचा संताप होत होता, पण कुणावर करायचा तो माणूस सापडत नव्हता. बारा जुलैच्या गुरुवारी तिला राउटरांचा एक रोग शिकवायचा होता. वर्षभरात तिनं तो पाचसहा वेळा करून दाखवला होता. पडद्यावर तिनं तीन गावं एका ओळीत मांडली: कमठाणा, मध्ये राजेश्वर, टोकाला खजुरी.

“राउटराला एक नियम असतो,” तिनं सांगितलं. “जी बातमी ज्याच्याकडून ऐकली, ती त्यालाच परत सांगायची न्हाई. आता हा नियम मी बंद करायले. काय होतंय बघा.” तिनं एका ओळीचा हुकूम दिला आणि खजुरीची तार तोडली.

राजेश्वर म्हणालं, खजुरीची वाट गेली. कमठाणा म्हणालं, गेली कशी? मला ठाऊक आहे की, दोन पावलांवर आहे. कमठाण्याला हे पूर्वी राजेश्वरनंच सांगितलेलं होतं, पण राजेश्वरनं विश्वास ठेवला आणि म्हणालं, बरं, मग माझ्यापासून तीन. कमठाणा म्हणालं, तर मग माझ्यापासून चार. आकडा चढू लागला. पाच, सहा, सात. खजुरी तर केव्हाच तुटली होती, पण दोन्ही गावं एकमेकांच्या भरवशावर तिची वाट सांगत बसली होती. सोळा झाल्याशिवाय ती थांबणार नव्हती, कारण सोळा झाले की वाट नाहीच असं धरायचं, असा हिशोबच आहे.

पहिल्या बाकावर तुळजा नावाची औरादकडची मुलगी बसायची. तिनं हात वर केला. “मॅडम, राजेश्वरला कळत न्हाई व्हय, ही आपलीच बातमी फिरून आली म्हणून?”

“न्हाई कळत,” सुधारानी म्हणाली. “बातमीवर सांगणाराचं नाव लिहिलेलं नसतंय. किती लांबून आली तेवढंच असतंय. आपण सांगितलेलंच दुसऱ्याच्या तोंडून आलं की ते...”

ती मध्येच थांबली. पोरांना पडदा वहीत उतरवून घ्यायला सांगून ती जिन्यात आली आणि तिनं आत्याला फोन लावला. वाट कुठं चुकते ते शोधायचं असलं तर मुक्कामामागून मुक्काम विचारत उलटं जायचं, हे ती रोज शिकवत होती. घरच्या बाबतीत ते तिला तीन आठवडे सुचलं नव्हतं.

“आत्या, खजुरीत माझं स्थळ होतं का?”

“मला काय म्हाईत बाई?” रुद्रम्मा म्हणाली. “लोक म्हणायलेत.”

“कोण लोक?”

“राजेश्वरहून फोन आलता. शंकरप्पा दलालाच्या घरून. ठरलं होतं का म्हणून विचारायलते.”

“मग तू काय सांगितलीस?”

“म्हणलं, व्हय, ऐकलंय. आता काय म्हणू? सख्ख्या भाचीचं स्थळ माझ्याच गावात येऊन गेलं आणि मलाच पत्ता न्हाई म्हणू? भावानं विचारलंबी न्हाई असं व्हईल की गं. माझी काय इज्जत ऱ्हाईल इथं?”

शंकरप्पा राजेश्वरचा, धान्याचा दलाल. आठवड्यातून दोनदा तो बिदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यायचा आणि गुरुवार त्याचा वार होता. सुधारानी दुपारी तिथं गेली. मुलगी एकटी येऊन पुढ्यात उभी राहिलेली बघून तो गडबडला आणि हातातली तूर चिवडत राहिला.

“काका, माझं खजुरीचं मोडल्याचं तुमाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या अप्पानंच की,” शंकरप्पा म्हणाला.

“कधी?”

“पेरणीच्या टायमाला. युरिया घ्यायला आलतो दुकानात. म्हणलं, राजेश्वरचं कुठवर आलंय? ते लोक भालकीची एक पोरगीबी बघायलेत, तेवढं ध्यानात ठेवा. तर रेवणप्पा म्हणला, बघू द्या की. आमच्या पोरीला काय कमी हाय का? खजुरीचं तर ठरल्यातच जमा होतं, आमीच थांबवलं.” त्यानं तूर पोत्यात टाकली. “मी घरी सांगितलं. घरच्यांनी फोन करून खात्री करून घेतली. तिथंबी व्हय म्हणले. मी काय खोटं बोललो का, पोरी?”

“न्हाई, काका,” सुधारानी म्हणाली. आणि खरंच, तो खोटं बोलला नव्हता.

तिला हसूही येत होतं आणि रागही. बापानं लेकीचा भाव वाढवायला म्हणून एक थाप मारली, युरियाचं पोतं उचलून देईपर्यंत विसरूनही गेला, आणि तीच थाप तीन गावं हिंडून दारात आली तेव्हा त्यानं तिला ओळखलं नाही. एवढंच नाही, ती कुणी उठवली ते शोधत तो हातातला धंदा सोडून भटकत होता. तिच्या पडद्यावरच्या राजेश्वरनं तरी सोळाला हार मानली असती. सुधारानी स्टँडवर आली तेव्हा तिची बस निघून गेली होती.

संध्याकाळी रेवणप्पा तिसऱ्यांदा राजेश्वरहून हात हलवत परत आला होता. चन्नव्वानं त्याला भाकरी आणि पुंडीची भाजी वाढली. दोन घास खाऊन तो म्हणाला, “ज्यानं ही बातमी उठवली ना, त्याचं तोंड बघणार न्हाई मी जन्मात.”

सुधारानी समोर बसली होती. तिनं ठरवलं होतं की आपण काही सांगायचं नाही, नुसतं विचारायचं. “अप्पा, शंकरप्पाकाका पेरणीला दुकानात आलते न्हवं?”

“आलता. बारा पोती युरिया नेला. कामून?”

“काय बोलणं झालं?”

“काय व्हणार? पाऊस, भाव. मग त्यानं भालकीच्या पोरीचं काढलं. मला म्हणला, ते लोक तिकडंबी बघायलेत. मला आला राग. मी म्हणलं, बघू द्या की, आमच्या पोरीला...”

त्याचा घास हातातच राहिला. चन्नव्वानं भाजीचं भांडं पुढं सरकवलं आणि आणखी वाढू का म्हणून विचारलं. त्यानं मान हलवली.

“ते मी आपलं असंच म्हणलं होतं,” तो म्हणाला. “ते कोण खरं धरंल?”

“तुमीच धरलात की, अप्पा. तीन हप्ते.”

रेवणप्पानं ताटात हात धुतला आणि उठून बाहेर गेला.

सुधारानीला वाटलं होतं, आता सगळं सुटेल. चूक सापडली की तार जोडायला कितीसा वेळ? पण बापाची चूक सापडली म्हणून बाप नरम येतो असं नाही. शुक्रवारी तो नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेला. दुपारी जेवायला आला तो लेकीकडं न बघता जेवला. जणू अपराध तिचा होता. एका अर्थी होताही. तो विसरून सुखात होता आणि तिनं त्याला आठवण करून दिली होती. हैदराबादबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि विचारायचा धीर सुधारानीला झाला नाही. चौदा गावांना वाट दाखवणारी ही बाई, पण स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत एक प्रश्न नेणं तिला जमेना.

राजेश्वरच्या स्थळाचं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. त्या लोकांनी श्रावण लागायच्या आत भालकीची मुलगी ठरवली आणि महांतेशचा संसार नीट चालला आहे. कमठाण्यात मात्र अजून अशा बायका आहेत ज्यांना ती हिरवी साडी आठवते. एकीनं तर तिचे काठही सांगितले होते.

शनिवार उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. सुधारानी दुपारीच क्लासवरून परतली. नकार द्यायचा तर तो आपणच द्यावा, कुणाची वाट बघत जागा जाऊ देण्यापेक्षा ते बरं, असं तिनं बसमध्ये ठरवलं होतं आणि ठरवताना खिडकीकडं तोंड करून ती रडलीही होती. कंपनीचा नंबर पत्रावर होता आणि पत्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून ती घरी न जाता दुकानाकडं गेली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पोत्यांच्या थप्पीपलीकडं रेवणप्पा पाठमोरा बसला होता. त्याच्या एका हातात ते पत्र होतं, दुसऱ्या हातात फोन, आणि तो दखनीत बोलत होता. मठात कन्नड, घरात मराठी आणि पोलीस, कचेरी, परका माणूस अशा ठिकाणी दखनी, अशी त्याची वाटणी होती. सुधारानी दाराशीच थांबली.

“हलो मॅडम, मैं कमठाने से रेवणप्पा बोलरूँ. सुधारानी का बाप. नै नै, नौकरी मेरेकू नै होना. बेटी की बात कररूँ. देखो मॅडम, इधर उसकी शादी की एक बात उड़ गई थी. झूटी बात. वो बात मैइच उड़ाया. हव, मैं. दुकान में बैठ के. बाद में भूल गया, और लोगां आके बोले तो मैइच सच समझ लिया. गलती उसकी नै, मॅडम. उसकी कुछ बी गलती नै. मेरी है.”

पलीकडच्या बाईला यातलं काय कळलं देव जाणे. तिनं सोमवारी येणार की नाही एवढंच विचारलं असावं आणि तेही दोनतीनदा, कारण रेवणप्पा दरवेळी मान हलवून म्हणत होता, “आती, मॅडम. आती. सोमवार कू आती. शादी का कुछ नै, वो शर्त मैं निकाल दिया.”

त्यानं फोन ठेवला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. सुधारानीनं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता, तो मागं घेतला. आपण आत गेलो तर अप्पांना हे सगळं आता मराठीत सांगावं लागेल, आणि ते त्यांच्यानं होणार नाही, हे तिला कळलं. ती आली तशी मागं फिरली आणि झपाझप घरी गेली.

“अव्वा,” ती चुलीपाशी जाऊन म्हणाली, “अप्पा आता येतील. हैदराबादला पाठवायचं मी ठरवलंय म्हणून सांगतील. तुला कायबी म्हाईत न्हाई असं ऐक.”

“तुला कुणी सांगितलं?” चन्नव्वानं विचारलं.

“कुणीच न्हाई.”

तासाभरानं रेवणप्पा आला. चपला काढल्या, पाणी प्याला, ओसरीवर मांडी घालून बसला आणि कुणाकडंही न बघता खणखणीत आवाजात म्हणाला की लोक काय वाट्टेल ते बोलतात, लोकांचं ऐकून घर चालत नसतं, आणि पोरीनं सोमवारी हैदराबादला जावं असं त्यानं ठरवलंय. सुधारानीनं नवल वाटल्यासारखे डोळे केले. “खरंच, अप्पा?” तिनं विचारलं, आणि पुढचं काही बोलता येईना म्हणून ती पदरात तोंड घालून रडायला लागली.